एकाहत्तर मुलींचं काय? पीसीओएसचे दोन पेपर शेजारी ठेवून वाचताना

सिनॉप्सिसचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडे मसुदे यायला लागतात. कुणाला भाषा तपासून हवी असते, कुणाला सॅम्पल साइज. गेल्या महिन्यात आलेल्या तीन मसुद्यांचा विषय एकच होता: पीसीओएस. तिन्हींच्या पहिल्या परिच्छेदात वाक्यही एकच, 'महाराष्ट्रातील २२.५ टक्के मुलींना पीसीओएस आहे.' तिघींपैकी एकीनेही मूळ पेपर उघडलेला नव्हता, हे वाचल्या वाचल्या कळलं. कारण तो पेपर महाराष्ट्राचा नाही, मुंबईचा आहे. आणि त्याच पेपरात, त्याच मुलींसाठी, दुसराही आकडा दिलेला आहे: १०.७ टक्के.

आता तुम्ही म्हणाल, प्रस्तावनेतलं एक वाक्य, त्यात एवढं काय? तर सांगते. आजची पोस्ट जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी दोन चिठ्ठ्या

मी मूल तालुक्यातली. एमएस्सीला नागपुरात होस्टेलवर होते तेव्हा माझी पाळी पन्नास-साठ दिवसांनी यायची आणि हनुवटीवरचे केस दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंगला न्यावे लागायचे. वजन ४२ किलो. माझी रूममेट एटापल्लीकडची. तिची पाळी पाच महिन्यांपासून बंद होती. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, संध्याकाळी दुकानात उभं राहून काम, मेसचा एकच वेळचा डबा, उरलेले पैसे घरी. वजन ३८ किलो.

आम्ही दोघी एकाच दिवशी एकाच खासगी दवाखान्यात गेलो. दोघींची सोनोग्राफी झाली. दोघींच्या रिपोर्टवर जवळपास तेच वाक्य: दोन्ही अंडाशयांत अनेक लहान फॉलिकल्स. दोघींच्या चिठ्ठीवर 'पीसीओडी', तीन महिन्यांच्या गोळ्या आणि खाली पेनाने लिहिलेलं, 'वजन कमी करा, भात बंद.'

सुट्टीत घरी गेल्यावर मी ती चिठ्ठी आजीला वाचून दाखवली. आजी म्हणाली, "पोरीच्या अंगावर मास नाही अन् डॉक्टर म्हणते वजन उतरव! काय उतरवू व माय, हाडं?"

वर्षभराने दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींच्या नीट तपासण्या केल्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर. माझं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं निघालं आणि साखर काठावर. म्हणजे मला पीसीओएस आहेच, बारीक अंगकाठीचा. रूममेटचं टेस्टोस्टेरॉन नॉर्मल होतं. बाईंनी तिला एकच प्रश्न विचारला, "दिवसभरात जेवतेस किती वेळा?" ती रडायलाच लागली. शरीराला पुरेसं अन्न मिळत नाही, वर सततचा ताण, तेव्हा मेंदूच पाळीचा कारभार थांबवतो. अशा मुलींच्या सोनोग्राफीतही बऱ्याचदा अंडाशय तसेच, फॉलिकल्सनी भरलेले दिसतात. ती घरी गेली, दोन वेळ पोटभर जेवू लागली, काही महिन्यांनी पाळी परत आली.

एकच चिठ्ठी, दोन मुली. एकीला अर्धवट लागू, दुसरीला थेट उलटी. हे डोक्यात ठेवा आणि आता पेपरकडे या.

मुंबईचा पेपर

राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या बीना जोशी आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुली. अभ्यासात घेतलेल्या ७७८, त्यातल्या पुढच्या तपासण्यांना तयार झालेल्या ६००. माझ्या मते आपल्याकडच्या या विषयावरच्या चांगल्या कामांपैकी हे एक आहे. दवाखान्यात आलेल्या मुली मोजणं सोपं असतं. हे लोक वस्तीत गेले. आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांनी निकाल एका व्याख्येने देऊन विषय संपवला नाही, दोन व्याख्यांनी दिला.

व्याख्या थोडक्यात अशा. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांवरून या दुखण्याचं वर्णन केलं. पुढे कसोट्या बदलत गेल्या. १९९० ची अमेरिकेतली एनआयएचची कसोटी: पाळी अनियमित हवी आणि पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूणही हवी. २००३ ची रॉटरडॅमची कसोटी: अनियमित पाळी, वाढलेली पुरुषी संप्रेरकं, सोनोग्राफीत तसे अंडाशय, या तिनांपैकी कोणत्याही दोन. २००६ ची अँड्रोजेन एक्सेस सोसायटीची कसोटी: पुरुषी संप्रेरकांची खूण हवीच, बाकी दोन्हींपैकी एक. आणि सगळीकडे एक सामाईक अट, जी मसुद्यांमध्ये नेहमी गळते: तशीच लक्षणं देणारी दुसरी कारणं आधी वगळलेली असली पाहिजेत.

(जाता जाता: या 'सिस्ट' म्हणजे गाठी नव्हेत. वाढता वाढता मध्येच थांबलेली फॉलिकल्स आहेत ती. 'पोटात गाठी झाल्या' असं ऐकून घाबरलेल्या बायका तुम्हाला फील्डवर भेटतील. त्यांना हे सांगा.)

मुंबईत रॉटरडॅमने २२.५ टक्के, अँड्रोजेन एक्सेसच्या कसोटीने १०.७ टक्के. आता टक्के बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. ही सवय लावून घ्या, फार उपयोगी पडते.

६०० च्या २२.५ टक्के म्हणजे १३५ मुली.
६०० च्या १०.७ टक्के म्हणजे ६४ मुली.
फरक ७१ मुलींचा.

या ७१ कोण? पेपर सांगतो की रॉटरडॅमने निदान झालेल्यांमध्ये सर्वांत मोठा गट, ५२.६ टक्के, सौम्य प्रकाराचा होता: पाळी लांबलेली आणि सोनोग्राफीत तसे अंडाशय, पण पुरुषी संप्रेरकांची खूण नाही. १३५ च्या ५२.६ टक्के किती? ७१. हिशोब तंतोतंत जुळतो. म्हणजे दोन आकड्यांमधला सगळा वाद या ७१ मुलींवरून आहे. एका कसोटीने त्या रुग्ण, दुसरीने नाहीत.

माझी रूममेट मुंबईच्या त्या अभ्यासात असती तर कुठे बसली असती? पाळी बंद, सोनोग्राफी तशी, टेस्टोस्टेरॉन नॉर्मल. नेमकी या गटाच्या दारात. तिला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे ठरणार 'दुसरी कारणं वगळली का' या एका अटीवर, आणि ती किती काटेकोर पाळली त्यावर. मुंबईच्या ७१ जणी उपाशी होत्या असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की हा गट सर्वांत नाजूक आहे आणि जिथे कुपोषण जास्त, तिथे तो आणखी नाजूक होतो.

दुसरा मुद्दा वयाचा. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं की पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवर निदान करू नये, कारण त्या वयात तसे अंडाशय निरोगी मुलींतही सर्रास दिसतात. २०२३ च्या सूचनांनीही किशोरवयासाठी सोनोग्राफी टाळायलाच सांगितलं. आता १५ ते २४ चा गट घ्या. पाळी तेराव्या वर्षी आली असं धरलं तर एकविसाव्या वर्षापर्यंतच्या मुली या मर्यादेत येतात. मुंबईचा अभ्यास या सूचनांच्या आधीचा, त्यामुळे दोष लेखकांचा नाही. दोष आपला, आज २०१४ चा आकडा उचलून आजच्या कसोटीचा म्हणून चिकटवणाऱ्यांचा.

हा घोळ फक्त मुंबईच्या पेपरापुरता नाही. आयसीएमआरच्या पुढाकाराने झालेला देशपातळीवरचा मोठा अभ्यास २०२४ मध्ये आला, १८ ते ४० वयाच्या ९,८२४ स्त्रियांचा. त्यात एनआयएचच्या कसोटीने ७.२ टक्के, अँड्रोजेन एक्सेसच्या कसोटीने १३.६, रॉटरडॅमने १९.६. त्याच स्त्रिया, तीन आकडे. म्हणून सिनॉप्सिसमध्ये कसोटीचं नाव न लिहिता टक्केवारी लिहिणं म्हणजे एकक न लिहिता अंतर लिहिणं. बारा म्हणजे बारा कोस की बारा किलोमीटर?

गडचिरोलीचा पेपर

आता आपल्या भागात या. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी तिथे 'सर्च'चं काम सुरू केलं आणि १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग, दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार. यापूर्वी तपासणी आणि उपचार मिळालेल्या फक्त ८ टक्के. पीसीओएसच्या आजच्या कसोट्या तेव्हा जन्माला यायच्या होत्या, तेव्हा पीसीओएसचा आकडा तिथे शोधू नका. पद्धत शोधा.

या पेपरावरची नेहमीची टीका दोन प्रकारची. एक, गावं दोनच, आणि आकडा मात्र सगळ्या ग्रामीण भारताचा म्हणून फिरला. ही टीका खरं तर फिरवणाऱ्यांवर आहे. दुसरी जास्त वजनदार: पात्र स्त्रियांपैकी सुमारे ५९ टक्केच तपासणीला आल्या. ज्यांना त्रास होता त्याच आल्या असतील तर आकडा फुगणार, नाही का?

अशा वेळी 'ही या अभ्यासाची मर्यादा आहे' असं लिहून मोकळं होऊ नका. हिशोब करा. समजा न आलेल्या ४१ टक्क्यांपैकी एकीलाही काहीच आजार नव्हता. अगदी एकीलाही नाही. तरी ५९ च्या ९२ टक्के म्हणजे साधारण ५४. दर दोन स्त्रियांमागे एकीपेक्षा जास्त! शक्य तितका वाईट अंदाज धरूनही लेखकांचा मूळ दावा उभा राहतो. शिवाय तपासलेल्यांपैकी ४५ टक्के स्त्रियांची तक्रारच नव्हती आणि तक्रार असलेल्या व नसलेल्यांत आजाराच्या प्रमाणात फरक किरकोळ होता. म्हणजे 'त्रास असलेल्याच आल्या' ही शंका तिथेच बरीच पातळ होते.

हाच हिशोब मुंबईला लावा. ७७८ पैकी १७८ मुलींच्या पुढच्या तपासण्या झाल्या नाहीत. त्यातल्या एकीलाही पीसीओएस नाही असं धरा: १३५ भागिले ७७८, म्हणजे १७.४ टक्के. गंमत बघा, न आलेल्या मुलींमुळे आकडा जास्तीत जास्त पाच टक्क्यांनी खाली येतो, पण नुसती कसोटी बदलल्याने बारा टक्क्यांनी. आपण मात्र व्हायव्हात सॅम्पल साइजवर अर्धा तास भांडतो आणि व्याख्येवर एक मिनिटही नाही.

गडचिरोलीच्या पेपरावर माझी टीका वेगळी आहे. ३.६ ही सरासरी मला खटकते. साधा संसर्ग, पाळीतलं दुखणं आणि गंभीर आजार, हे सगळं एका बेरजेत गेलं की बेरीज मोठी दिसते, पण कुणाला आज रात्री गाडी लागेल आणि कुणाला आठवडाभराची गोळी, हे त्यातून दिसत नाही. तरीही हा पेपर मला मोठा वाटतो, कारण तो आकड्यापाशी थांबला नाही. गावातल्या स्त्रीची तपासणी आणि उपचार प्राथमिक आरोग्यसेवेतच हवेत, हे त्याचं सांगणं होतं. तोवर तिच्याकडे पाहिलं जायचं ते बाळंतपण आणि कुटुंब नियोजनापुरतं.

मग तुमचा सिनॉप्सिस?

तीनपैकी एका मसुद्याचं शीर्षक होतं 'गडचिरोली जिल्ह्यातील पीसीओएसचे प्रमाण'. पद्धत: गुगल फॉर्म, ४०० मुली. मी तिला फोन केला. रागावले नाही, कारण तीन वर्षांपूर्वी माझा स्वतःचा पहिला मसुदा याहून वेगळा नव्हता.

फॉर्मवर 'तुमची पाळी अनियमित आहे का?' असं विचारून काही हाती लागत नाही. कसोटीत अनियमित म्हणजे पहिल्या पाळीनंतर तीन वर्षं उलटल्यावर २१ दिवसांपेक्षा लवकर किंवा ३५ दिवसांपेक्षा उशिरा, किंवा वर्षात आठांपेक्षा कमी वेळा. मुलींच्या मनात 'अनियमित' म्हणजे चार दिवस मागंपुढं. त्यामुळे मोजता येईल असं विचारा. दिवाळीपासून किती वेळा आली? होळीपासून? भामरागड, एटापल्लीच्या माडिया गावांत जिथे अजून कुर्माघर आहे, तिथे हा प्रश्न आणखी जपून विचारायचा. तिथे बाईची पाळी साऱ्या गावाला दिसते. महिनोन्महिने कुर्माघरात न गेलेल्या अविवाहित मुलीकडे गाव कोणत्या नजरेने बघेल, याचा विचार संमतीपत्र लिहिण्याआधी करा.

केसांचं तेच. अंगावरच्या केसांचा फेरिमन-गॉलवे गुणांक १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाला. कितीला 'जास्त' म्हणायचं हे समाजागणिक बदलतं, आणि आताच्या सूचना ४ ते ६ च्या दरम्यानची रेघ सुचवतात. जुनी ८ ची रेघ कॉपी केलीत तर माझ्यासारख्या कित्येक जणी सुटतील.

सोनोग्राफीचं मशीन गावात नेऊ असं लिहिलं असेल तर खोडा. पीसीपीएनडीटी कायद्याने मशीन नोंदवलेल्या जागेशी बांधलेलं असतं. रक्ताच्या तपासण्यांसाठी मुलगी सकाळी उपाशीपोटी हवी. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास, बस पोहोचेपर्यंत उपासाचं काय होतं ते तुम्हीच ठरवा. या अडचणी 'मर्यादा' नावाच्या शेवटच्या परिच्छेदात ढकलायच्या नसतात. यांच्यावरूनच ठरतं की तुमच्या ४०० मध्ये कोण येणार आणि कोण कधीच येणार नाही.

उपचारांचे पेपरही असेच वाचा

मूल हवं असलेल्या पीसीओएसच्या स्त्रियांसाठी आज लेट्रोझोल पहिली पसंती आहे. त्यामागचा प्रसिद्ध अमेरिकन प्रयोग २०१४ चा, ७५० स्त्रियांचा: लेट्रोझोलने २७.५ टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफेनने १९.१. गंमत म्हणजे तेव्हा भारतात वंध्यत्वासाठी लेट्रोझोलवर बंदी होती, २०११ पासून. ती उठली २०१७ मध्ये. पण त्या ७५० स्त्रियांचा सरासरी बीएमआय ३५ च्या आसपास होता. माझा १७. याचा अर्थ औषध आमच्यावर चालणार नाही असा नाही. अर्थ इतकाच की 'वजन कमी करा' हा सल्ला ज्या शरीरांकडे पाहून पहिल्या ओळीत आला, ती शरीरं आमची नाहीत. मुंबईतसुद्धा १३५ पैकी ७१.८ टक्के, म्हणजे ९७ मुली, लठ्ठ नव्हत्या.

गर्भनिरोधक गोळ्या पाळी नियमित करायला आणि केसांसाठी दिल्या जातात, बहुतेक जणींना चालतात. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल आहे. त्या आजारात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आधीच जास्त, आणि एस्ट्रोजेनच्या गोळीने तो वाढू शकतो. म्हणून इथे गोळी लिहिण्याआधी सिकलसेलचं कार्ड मागणारा डॉक्टर हवा. आम्हा दोघींना पहिल्या दवाखान्यात कुणी विचारलं नव्हतं.

मला लागू पडलेला उपचार एका प्रश्नातून सुरू झाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुला आत्ता काय हवंय?" मूल नको होतं. केसांचा वैताग होता आणि साखरेची भीती, कारण वडिलांना मधुमेह. पाळी तीन-तीन महिने लांबू द्यायची नाही, कारण गर्भाशयाचं अस्तर साचून राहणं चांगलं नाही, हे त्यांनी चित्र काढून समजावलं. सिकलसेल तपासून गोळी दिली, साखरेवर लक्ष ठेवायला सांगितलं, भात बंद केला नाही. सोबत डाळ, अंडं, पालेभाजी वाढवायला सांगितली आणि चालायला. माझं हे तुमच्यासाठी औषध नाही, तुमच्या डॉक्टरला तुमचं विचारा. पण तो प्रश्न उसना घ्या.

संशोधनातही तोच प्रश्न हवा. हा आकडा कुणाला हवाय आणि कशासाठी? तुमच्या अभ्यासात निदान झालेली मुलगी दुसऱ्या दिवशी कुठे जाणार, हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नसेल तर तुम्ही तिला फक्त एक नाव देऊन निघून येणार. लग्न ठरायच्या वयात ते नाव जड असतं. 'हिला मूल होणार नाही' असं त्याचं भाषांतर गावात एका दुपारीत होतं, आणि ते चुकीचं असतं तरी परत घेता येत नाही.

तर घरचा अभ्यास. मुंबईचा पेपर स्वतः उघडा. ७१ जणींचा हिशोब स्वतः करून पाहा. मग पद्धतीच्या भागात थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि बाकीची कारणं वगळण्याबद्दल काय लिहिलंय ते शोधा आणि तुमच्या मसुद्यात त्या जागी काय आहे ते बघा.

रूममेट आता तलाठी आहे. परवा फोनवर तिला या पोस्टबद्दल सांगितलं, तिची गोष्ट लिहू का विचारलं. म्हणाली, "लिही. पण नाव नको. अन् हे नक्की लिही, का मी आता दोन्ही वेळ जेवतो."

लिहिलं.